तळ्याला झाकण

डिसेंबरात कुओपिओला तीनच्या आतच दिवस मिटतो
आणि सव्वातीनला एन्सिओ फोनवर उगवतो.

विषय एवढासा:
गोठलेल्या तळ्यात पोहायला पाडलेलं भोक,
काठावर कपडे बदलायची लाकडी खोली.
नगरपालिका म्हणते, तिला आकड्यांचं कुलूप लावू.

एन्सिओ लिहितो:
आज खोलीला कुलूप,
उद्या तळ्याला झाकण,
परवा आंघोळीला परवाना.
खाली चित्र: उकडलेल्या बटाट्याला टाय,
आणि ओळ: 'सभासद हजर, मत राखून.'
सत्तेचाळीस जण हसतात.
मीही हसते. अंगठा मात्र देत नाही.

तीस वर्षं शाळेत तर्क शिकवला,
बोटं शिवशिवतात.
'याला घसरडा उतार म्हणतात, एन्सिओ.
हेत्वाभास नंबर चार.'
'मास्तरीण ना तू, तुला सगळीकडे चुकाच दिसणार.'
'आता मुद्दा सोडून माणसावर घसरलास.'
'घसरलो ना? म्हणजे उतार आहेच!'

यावर काय बोलणार.
एकसष्ट अंगठे.

मग औषधांच्या दुकानातली तुइरे:
'आणि रस्त्यांवरच्या खड्ड्यांचं काय?'
(तिला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या
तरी ती खड्ड्यांचं विचारते.)
मग बगळ्याचा फोटो लावलेला कुणीतरी:
'खरा सावोचा माणूस कुलूप लावत नाही.'
मी लिहिलं, माझे वडील लावायचे,
लोण्याच्या कपाटालासुद्धा.
'म्हणजे ते खरे सावोचे नव्हते.'
वडील वारले त्याला बावीस वर्षं झाली,
आणि त्यांचा मुलूख असा काढून घेतला
संध्याकाळी पावणेचारला, एका बगळ्याने.

मी इतकंच म्हटलं होतं की
कुलूप स्वस्तात मिळत असेल तर बघूया.
चारपर्यंत मी तळ्याची शत्रू ठरले.
त्यांनी एक बुजगावणं उभं केलं,
त्याला माझा स्वेटर घातला
आणि दगड मारायला लागले.
ते बुजगावणं जे बोलत होतं
ते इतकं मूर्खपणाचं होतं
की एक दगड मीही मारला.

गुरुवारी सव्वातीन वाजले.
साडेतीन.
बटाटा आला नाही.
तुइरेने खड्डे टाकले, कुणी उचलले नाहीत.
बगळा म्हणाला, दोन्ही बाजूंचं थोडं थोडं बरोबर आहे.
सगळे शहाण्यासारखे बोलत होते
आणि कुणालाच करमत नव्हतं.

रात्री कळलं:
पहाटे पोहून वर येताना, काठाच्या चढावर,
अनवाणी, डोक्याला लोकरी टोपी,
एन्सिओ घसरला.
उजवं मनगट मोडलं.

अठरा वर्षं आम्ही एकाच दुकानात
एकाच रांगेत उभे राहतो.
तो मान हलवतो, मी मान हलवते,
मधे राईच्या पावाएवढं अंतर.
एक शब्द नाही.

मी लिहिलं, 'उतार होता तर.' खोडलं.
लिहिलं, 'काळजी घे.' तेही खोडलं,
फारच उघडं वाटलं.
मग स्वयंपाकघरात गेले,
एक बटाटा घेतला, त्याला पट्टी गुंडाळली,
दिव्याखाली ठेवून फोटो काढला.
आयुष्यातला माझा पहिला. थोडा हललेला.

तिकडे तीन ठिपके लुकलुकत राहिले.
डाव्या हाताने लिहीत असणार.
कॉफी निवली.

'एका बटाट्यावरून
सगळ्या बटाट्यांबद्दल निष्कर्ष काढू नये.'

मग पुन्हा ठिपके, बराच वेळ.

'अनवाणी होतो, कारण
खोलीतून माझे बूट कुणीतरी नेले.
पण यावरून काहीही सिद्ध होत नाही.'

नाही होत, मी लिहिते.
आणि नंबर विचारते.
बुटाचा.